ऑपरेशन पुण्यात, पुढची वर्षं बीडमध्ये

तुम्ही वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं असेल आणि त्याला पाच-सात वर्षं होऊन गेली असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ऑपरेशन करावं की नाही, कोणतं करावं, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी असतात. नंतरचा फोटो बहुधा वर्ष-दीड वर्षानंतरचा असतो, म्हणजे वजन सगळ्यात खाली आलेलं असतं तेव्हाचा. आठव्या किंवा दहाव्या वर्षीचा फोटो कुणी छापत नाही.

२०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतल्याची बातमी आली, तेव्हा 'बॅरिएट्रिक सर्जरी' हा शब्द मराठी पेपरांत बराच फिरला. आता तो आपल्या जिल्ह्यातही नवा राहिलेला नाही. गेवराई, माजलगाव, परळीकडचे लोक पुण्या-मुंबईला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन ऑपरेशन करून येतात. पहिलं वर्ष हौसेनं तपासणीला जातात. दुसऱ्या वर्षी एखादी फेरी होते. मग सोयाबीनची काढणी असते, पोरांच्या परीक्षा असतात, आणि तसंही तब्येत उत्तम असते. सगळे म्हणतात, "केवढी बारीक झालीस!" मग दिवसभराचा प्रवास करून रक्त कशाला द्यायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे ऑपरेशन चांगलं आहे, पण ते 'झालं एकदाचं' या जातीचं नाही. अपेंडिक्स काढलं की विषय संपतो. इथे मात्र तुमच्या अन्नाचा रस्ताच कायमचा बदललेला असतो. स्लीव्ह केलं असेल तर जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकलेला असतो. बायपास केलं असेल तर जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडलेली असते. शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, पण त्याची किंमत हप्त्याहप्त्यानं वसूल करतं.

फायदा खरा आहे, हेही सांगायला हवं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या हजारो लठ्ठ लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. ऑपरेशन झालेले लोक सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांचं आयुष्य तरीही साडेपाच वर्षांनी कमीच होतं. ऑपरेशननं धोका कमी झाला, पण पुसला गेला नाही.

आता हप्त्यांकडे येऊ. सगळ्यात फसवा हप्ता बी-१२ या जीवनसत्त्वाचा. अन्नातलं बी-१२ सुटं होऊन शोषलं जायला जठरातलं आम्ल आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. जठर कापलं किंवा बाजूला पडलं की हे काम मंदावतं. पण यकृतात बी-१२चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. तुम्ही म्हणता, गोळ्या बंद करून बघितल्या, काही झालं नाही. आणि नेमकं तुम्ही निर्धास्त होता तेव्हा साठा संपत आलेला असतो. मग तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो, विसरायला होतं. आपल्याकडे कितीतरी घरांत माळ आहे. अंडं-मासळी चालत नाही, दूधही बेताचंच. म्हणजे मुळातच साठा कमी घेऊन तुम्ही ऑपरेशनला गेलेले असता.

पाय बधिर झाले की माणूस मणक्याचं समजून चालतो. एमआरआय होतो, पट्टा मिळतो, गोळ्या मिळतात. ऑपरेशनचं कुणी विचारत नाही, कारण तुम्ही सांगितलेलंच नसतं. हा लेख लिहायचं खरं कारण हेच आहे. आपल्या भागात हे ऑपरेशन लपवतात. शेजारी 'पित्ताच्या पिशवीचं केलं' असं सांगतात. मुलीचं लग्न जमवायचं असेल तर सासरी सांगत नाहीत. 'स्वतःच्या जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं' असं लोक म्हणतील याची भीती असते, आणि म्हणतातही. शेजाऱ्यांना सांगू नका, तो तुमचा हक्क आहे. पण डॉक्टरांपासून लपवलेलं ऑपरेशन पायांवर येतं, हाडांवर येतं, आणि नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. तेच इंजेक्शन वेळेवर घेतलं असतं तर साधं आणि स्वस्त काम होतं.

बीड जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं ऊसतोडणीला जाणाऱ्या आपल्या महिलांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ती ऑपरेशनं आणि हे ऑपरेशन यांची बरोबरी मी करत नाही. तिथे अनेकींना ऑपरेशनची गरज होती का, हाच प्रश्न होता. पण एक गोष्ट सारखी आहे. टाके निघाले की नंतर त्या बाईची हाडं, तिचं रक्त, तिचा थकवा कुणी विचारला नाही. ऑपरेशनची मोजदाद झाली, त्यानंतरच्या वर्षांची नाही.

म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, रक्तातली प्रथिनं, साखर, यकृत आणि किडनी. यासाठी पुण्याला जायची गरज नाही, नमुने इथेच घेतले जातात. महिना ठरवून टाका. पोळ्याचा ठरवा, पाडव्याचा ठरवा, पण एकच ठरवा. आणि अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणूनच तो नॉर्मल आलेला असतो.

गोळ्या घेण्यातही एक गोम आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एकमेकांच्या आड येतात, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती वायाच गेली म्हणा. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं मागा, त्याला जठरातलं आम्ल फारसं लागत नाही.

जेवणाचं काय? वजन करायच्या काट्यापेक्षा मला तुमच्या ताटाची काळजी जास्त वाटते. बाजरीची भाकरी आणि ठेचा हे आपलं प्राणप्रिय जेवण. पण तुमच्या पोटात जागा वाटीभर. ती अर्ध्या भाकरीनं भरली तर प्रथिनांना जागा उरत नाही. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात ती ६ ग्रॅम असतात आणि वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढीच. मोडाची मटकी, मूग, पनीर, दही, सोयाबीन, चालत असेल तर अंडी आणि मासे, हे आधी खा. भाकरी शेवटी, चतकोर. कोरडी भाकरी किंवा सुकं मटण घाईनं गिळलं की छातीत अडकतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासानं घोटघोट प्या. पण दिवसभर प्यायला विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे धडधाकट माणूसही कोरडा पडतो, आणि तुम्हाला एका दमात तांब्याभर पाणी पिऊन तूट भरून काढता येत नाही.

गोडाचं वेगळं. बायपास झालेल्यांना हे जास्त छळतं. रसवंतीवर ग्लासभर उसाचा रस घेतला, किंवा बालाघाटाच्या डोंगरातली आपली मानांकन मिळालेली सीताफळं एका बैठकीत चार खाल्ली, तर सगळी साखर एकदम आतड्यात उतरते. थोड्या वेळात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होतात. कधी हे एक ते तीन तासांनी होतं आणि तेव्हा उलट रक्तातली साखर एकदम खाली जाते. हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. हा त्रास ऑपरेशननंतर काही वर्षांनी पहिल्यांदा सुरू होऊ शकतो, म्हणून लोकांना त्याचा संबंध लागत नाही. त्यात मोटारसायकल चालवत असाल तर गंभीर आहे. सीताफळ सोडा असं मी म्हणणार नाही, बीडमध्ये राहून ते शक्यही नाही. अर्धं खा, जेवणानंतर खा. एकादशीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा गोड कीस खाणं मात्र तुमच्या पोटाला मानवणारं नाही. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आता एक गोष्ट जीवाशी संबंधित. चार-पाच दिवस उलट्या थांबत नसतील तर आपल्याकडे पहिलं वाक्य असतं, "डॉक्टर, एक सलाईन लावा." सतत उलट्या होणाऱ्या अशा पेशंटच्या शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं. अशा वेळी बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे फिरणं, चालताना झोकांड्या जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं आहेत. म्हणून सलाईन लावण्याआधी तुम्हीच सांगा, "माझं बॅरिएट्रिक ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या." डॉक्टरांना शहाणपण शिकवतोय असं वाटून संकोच करू नका. राग आला तरी एखाद्या दिवसात जातो.

बायपासवाल्यांना पोटात अचानक मुरडून कळ आली आणि थांबेना, तर 'गॅस असेल' म्हणून रात्र काढू नका. आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकलेला असू शकतो, आणि साध्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असं नाही. सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असतील तिथे थेट जा. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणणंही बंद करा. बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सर होतो. बिडी-सिगारेटनंही होतो. तंबाखू आणि मिश्रीही सोडा. दारू तर आता तुम्हाला पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. ऑपरेशनच्या आधी न पिणारे काहीजण नंतर तिच्यात अडकलेले आहेत, आणि काहींचं मन इतकं खचतं की जगणं नकोसं होतं. खाण्यातला आधार काढून घेतला की मन दुसरा आधार शोधतं. याला कुणी नाटक म्हणू नये. मानसोपचार तज्ज्ञाकडे जाणं हाही या ऑपरेशनचा भाग आहे.

तरुण मुलींसाठी थोडं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि कधी अनपेक्षितपणे दिवस जातात. ऑपरेशननंतर किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईल याची खात्री नसते, त्यापेक्षा तांबी बरी. पुढे गरोदर राहिलात तर आरोग्य केंद्रात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून मधुमेहाची तपासणी करतात. ती सर्वांसाठी योग्य आहे, पण तुम्हाला त्या पाण्यानं घेरी येऊ शकते. सिस्टरना आधी सांगा, साखर दुसऱ्या पद्धतीनं तपासता येते.

आणि वजन परत वाढलं तर? थोडं वाढतंच. त्याच स्वीडिश अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन आधी सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. पण घरचे म्हणतात, "एवढे पैसे घातले, सगळे पाण्यात." मग लाजेनं पेशंट सर्जनकडे जायचंच बंद करतो, म्हणजे जेव्हा जायला हवं नेमकं तेव्हा. आहार सुधारता येतो, गरज पडली तर औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत. ओरडा खायला नको म्हणून तपासणी टाळणारा पेशंट मला दोषी वाटत नाही. ओरडणारे वाटतात.

सर्जन मंडळींकडेही एक मागणी आहे. पॅकेजमध्ये खोली, जेवण, टाके सगळं धरता, मग पाच वर्षांच्या रक्ततपासण्या का धरत नाही? आता बऱ्याच विमा पॉलिसींत निकष पूर्ण केले तर ऑपरेशनचा खर्च मिळतो, पण नंतरच्या गोळ्या बहुतेकांना खिशातूनच घ्याव्या लागतात. ज्याची गोळी थांबते तो ती आळसानंच थांबवतो असं नाही. आणि पेशंट बीडचा आहे हे माहीत असताना, त्याच्या गावच्या डॉक्टरसाठी एक पानाची चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? कोणतं ऑपरेशन केलं, काय तपासायचं, काय द्यायचं नाही, एवढंच लिहायचं.

ती चिठ्ठी मिळाली नसेल तर आजच डिस्चार्ज कार्ड शोधा. बऱ्याच जणांना आपलं स्लीव्ह झालंय की बायपास, हेच सांगता येत नाही. भरती पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी किमान तीन वर्षं ठेवायची असतात आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षांनंतर ती तिथे असतीलच याची हमी नाही. म्हणून अजून मिळत असतील तर मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि तोच फोटो घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवा. तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा तुमच्या फोनचं लॉक कुणाला उघडता येणार नाही.