मराठीत गायलेले यहुदी कीर्तन

यहुदी लोकांची मराठी कीर्तने आहेत, असे मी वर्गात म्हटले तेव्हा सगळे हसले. हसण्यासारखे त्यात काय आहे?

यहुदी संगीत हे काही एकच संगीत नव्हे. पूर्व युरोपातले यहुदी यिद्दिशमध्ये गायले, १४९२ साली स्पेनमधून हाकललेले लादिनोमध्ये, कोचीनच्या स्त्रिया मल्याळममध्ये. त्या स्त्रियांनी गाणी वह्यांत उतरवली, म्हणून ती टिकली. आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल मराठीत गायले. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या लोकांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी हरिदासी कीर्तन आपलेसे केले आणि अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठीत रंगवल्या. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. मराठी गाणीही बरोबर गेली. आकाशवाणीने या सर्वांवर एक मालिका करावी, असे मला मनापासून वाटते. धर्म वेगळा असला तरी भाषा आपलीच आहे, हे ऐकल्याशिवाय पटायचे नाही.

सुट्टीत मी ग्वाल्हेरला, बिर्लानगरात काकांकडे गेलो होतो. तिथे घराबाहेर सगळी हिंदी, पण आजी पहाटे ओव्या म्हणते. नातवंडांना त्या कळत नाहीत. मी मराठी शाळेत शिकलो, मला कळतात. तरी आजवर एकही लिहून घेतली नव्हती. या खेपेस आठ घेतल्या, हिशेबाच्या वहीत. मित्रहो, तुमच्या घरातली मराठी असो वा कानडी, शिल्लक किती आहे ते एकदा मोजा.