नोब्लेस ओब्लीज : उपकाराची भाषा आणि हक्काची भाषा

परवा आमच्या वस्तीत वह्यावाटपाचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावरचे उच्चशिक्षित पाहुणे म्हणाले, "ही आमची नोब्लेस ओब्लीज आहे." टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या मुलांची शिष्यवृत्ती कित्येक महिने अडकली आहे, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हा शब्दप्रयोग तपासणे भाग आहे.

मूळ फ्रेंच. नोब्लेस म्हणजे कुलीनपणा, सरदारकी. ओब्लीज म्हणजे बांधील करते. कुलीन जन्मासोबत कर्तव्यही येते, हा त्याचा अर्थ. १८०८ साली ड्यूक द लेव्ही या सरदाराच्या सुभाषितसंग्रहात तो छापला गेला. पुढे बाल्झाकने कादंबरीत वापरला आणि १८३० च्या दशकात तो इंग्रजीत शिरला.

साल लक्षात घ्या. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द करण्याचा निर्णय घेतला. तोवर सरदारांना 'ताय' नावाच्या करातून सूट होती आणि त्याचा बोजा शेतकऱ्यांवर होता. कर्तव्याची एवढी जाणीव होती, तर ही सूट त्यांनी शतकानुशतके का उपभोगली? आणि विशेषाधिकार गेल्यावर उरला तो जन्माचा मोठेपणा. आमच्या मते हे सुभाषित त्याच मोठेपणाला नीतीचा मुलामा देते.

यातली मेख ओळखा. किती द्यायचे, कधी द्यायचे, कोणाला द्यायचे हे देणारा ठरवतो. नाही दिले तर दाद मागायला न्यायालय नाही. घेणाऱ्याच्या वाट्याला फक्त आभार. आणि जन्माची उतरंड जिथल्या तिथे!

आपल्याकडेही हेच झाले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेलेली संस्था निघाली. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेबांनी ठक्करबाप्पांना बोटीवरून पत्र लिहिले. विहिरी, शाळा, चावडी, वाहने यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, हा त्यांचा आग्रह होता. संघाने हक्कांच्या लढ्याऐवजी सेवेची वाट धरली. बाबासाहेबांनी तर १९२७ लाच महाडला दाखवून दिले होते, की पाणी कोणाच्या दयेने मिळवायचे नसते.

काही जण विचारतील, मग मदत नाकारायची का? मुळीच नाही. वही घ्या, पण त्याच मांडवात शिष्यवृत्तीचा प्रश्नही विचारा.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपल्यातले शिकलेसवरलेले साहेब १४ एप्रिलला वस्तीत येतात, हार घालून घेतात, पाकीट देतात आणि त्यालाच 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतात. मित्रांनो, पे बॅक म्हणजे परतफेड. परतफेड ऋणको करतो, सरदार नव्हे. ज्या चळवळीने आपल्याला शिकवले, तिचे देणे फेडताना हार कसले घालून घेता? तिथे सतरंजीवर बसून काम करायचे असते.

बाबासाहेबांनी बंधुतेचे मूळ फ्रेंच राज्यक्रांतीत नव्हे, बुद्धाच्या शिकवणीत असल्याचे १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. बंधुतेत वरचा-खालचा नसतो. नोब्लेस ओब्लीजला मात्र खालचा कोणीतरी लागतोच.

तो खालचा आम्ही होणार नाही. आणि वरचाही होणार नाही.

जय भीम!