लॉग बंद, म्हणून बग नाही?

"आपल्याकडे पेट्रोल पंपांखाली कुठे काय गळतंय?" असं म्हणणारे लोक लॉग बंद ठेवून "एकही बग नाही" सांगणाऱ्या टीमसारखे वाटतात. अहो, शोधलंच नाही तर सापडणार कसं?

अमेरिकेने शोधलं. साध्या पोलादी टाक्या जमिनीत गंजतात, पेट्रोल झिरपतं, त्यातलं कर्करोगकारक बेन्झीन भूजलात उतरतं. म्हणून १९८४ मध्ये कायदा झाला. १९८६ मध्ये गॅलनमागे ०.१ सेंट कर लावून साफसफाईचा निधी उभारला. गळत्या निघाल्या ५ लाखांहून जास्त! त्यातल्या बहुतेक जागा साफही झाल्या: कुठे माती उपसून, कुठे जमिनीतली वाफ ओढून, कुठे हवा सोडून जिवाणूंना पेट्रोल खायला लावून.

आपल्याकडे दूषित जागांचे नियम २०२५ मध्ये आले. छान. पण जमिनीखालची गळती वरून दिसते थोडीच? जुनी टाकी निघाली की दर वेळी माती तपासा आणि निकाल जाहीर करा. खर्च टाकीच्या मालकाचा. तो गायब झाला तर लिटरमागे एखादा पैसा आपण देऊ. नाहीतर उद्या तिथे टॉवर उभा राहील आणि बोअरचं पाणी आपल्याच नळाला येईल.