अवतरणचिन्हांची किंमत

दुसऱ्याचे शब्द त्याच्याच पदरीं घालावे, त्यांत आपले मिसळूं नयेत, हा प्रामाणिक लेखनाचा पहिला नियम होय. तो पाळण्याचें साधन म्हणजे अवतरणचिन्ह. दिसावयास तें क्षुल्लक. परंतु त्याच्या अभावीं केवढा घोटाळा होतो तो पाहा. ‘राम म्हणाला गणू खोटें बोलतो’ हें वाक्य चिन्हांवांचून लिहिलें, तर खोटें बोलणारा कोण? “गणू खोटें बोलतो” हे रामाचे शब्द मानले, तर आळ गणूवर येतो. “राम,” म्हणाला गणू, “खोटें बोलतो,” असें वाचलें, तर तोच आळ रामावर जातो.

हीं चिन्हें आपल्या भाषेंत मूळचीं नव्हेत. मोडींत प्रथम आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत. संस्कृतांत ‘इति’ व मराठींत ‘असें’ हे शब्दच दुसऱ्याच्या बोलण्याची सीमा दाखवीत. मेजर टॉमस कँडी यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक १८५० सालीं निघालें, आणि पुढें हीं चिन्हें मराठींत रुळलीं.

आतां दप्तरें संगणकांत गेलीं आहेत. तेथील माहितीच्या दप्तरास डेटाबेस म्हणतात. त्यास आज्ञा देण्याची एस्‌क्यूएल नांवाची भाषा आयबीएम कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं पुढें मांडली. या भाषेंत मजकूर कोठें सुरू झाला व कोठें संपला, हें एकेरी अवतरणचिन्हानेंच दाखवितात. येथेंच अडचण उभी राहते. वसई व गोवें येथील डि’सूझा, डि’मेलो, डि’सिल्व्हा हीं आडनांवें रोमन लिपींत लिहितांना ‘डी’ या अक्षरापुढें तेंच चिन्ह येतें. कार्यक्रम निष्काळजीपणें लिहिलेला असला, तर यंत्र समजतें कीं नांव ‘डी’पाशींच संपलें, उरलेलीं अक्षरें तें आज्ञा म्हणून वाचूं लागतें व अडून बसतें.

हें अडणें परवडलें; परंतु एखाद्या दुष्टानें नांवाच्या जागीं चिन्ह घालून पुढें ‘सर्व यादी पुसून टाक’ अशा अर्थाची आज्ञा लिहिली, तर यंत्र तीहि पाळण्याचा संभव असतो. हा धोका जेफ फॉरिस्टल यांनीं १९९८ च्या डिसेंबरांत ‘फ्रॅक’ या नियतकालिकांत उघड करून दाखविला. त्यास आतां एस्‌क्यूएल इंजेक्शन म्हणतात.

यावर कित्येक जण सोपा उपाय सांगतात : चिन्हच घेऊं नका, पालकांनीं नांव त्यावांचून लिहावें. आम्हांस हा उपाय मुळींच मान्य नाहीं. नांव हें ज्याचें त्याचें. यंत्राच्या सोयीसाठीं तें छाटण्याचा अधिकार कारकुनास नाहीं. जन्माच्या दाखल्यावर एक व शाळेच्या दाखल्यावर दुसरें नांव झालें, म्हणजे हेलपाटे मुलास घालावे लागतात. शिवाय चिन्हें गाळल्यानें धोकाहि टळत नाहीं. कारण जेथें आंकडा लिहावयाचा तेथें चिन्हांवांचूनहि आज्ञा घुसवितां येते.

दुसरा उपाय प्रत्येक चिन्हास खूण जोडण्याचा. एस्‌क्यूएलच्या नियमाप्रमाणें मजकुरांतील एकेरी चिन्ह दोनदां लिहिलें, कीं तें मजकुराचाच भाग ठरतें. परंतु हें काम हातानें करूं गेल्यास कोठें तरी विसर पडतोच. पीएचपी या भाषेंत अशी खूण आपोआप जोडण्याची सोय होती. तिच्यामुळें पुष्कळदां साध्या लेखांतहि तिरप्या रेघांचें रान माजे. अखेर २०१२ सालीं ती काढून टाकण्यांत आली.

खरा उपाय निराळाच आहे. आज्ञा अगोदर स्वतंत्र सांगावी, तींत मजकुराची जागा मोकळी सोडावी आणि मजकूर मागाहून वेगळा पोंचवावा. टपालवाला बंद पाकीट घरीं देतो. आंतील पत्रांत ‘घर मोकळें करा’ असें लिहिलें असलें, तरी तो कोणाचें घर मोकळें करीत नाहीं. त्याचप्रमाणें यंत्रानें मजकूर ठेवावा, पाळूं नये. मग नांवांत चिन्ह असो वा नसो, तें जसेंच्या तसें राहतें.

ही गोष्ट केवळ वसईकरांची नव्हे. आमच्या बागलाणांतील पुष्कळ मुलें घरीं अहिराणी बोलतात व शाळेंत प्रमाण मराठी लिहितात. आजीचे बोल निबंधांत आणतांना तीं अवतरणचिन्हांत ठेवतात. तो निबंध संगणकांत सांठवितांना चिन्हें गळालीं, तर आजीचे शब्द कोणते व नातवाचे कोणते, हें पुढें कोण सांगणार?

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाच्या दाखल्यावरील नांव अक्षरशः ताडून पाहावें, व ‘यंत्र घेत नाहीं’ या उत्तरावर संतुष्ट होऊं नये. विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें असे कार्यक्रम लिहितील, त्यांनीं पहिली परीक्षा म्हणून अवतरणचिन्ह असलेलें नांव घालून तें जसेंच्या तसें परत येतें कीं नाहीं, हें पाहावें. दुसऱ्याचे शब्द हे आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे. ती होती तशी परत करणें हा लेखकाचा धर्म आहे, आणि यंत्र चालविणाराहि त्यांतून सुटत नाहीं.