उचलीच्या वहीत काय दडलंय?

ऑक्टोबर छाटणीचे दिवस आले की वणी-दिंडोरीच्या घराघरांत एकच विषय. ‘लेबर मिळालं का?’ पेठ-सुरगाण्याकडून जीपा भरभरून माणसं येतात. तिकडे पावसाळी भात-नागली निघाली की हाताला काम नाही, आणि इकडे द्राक्षबागेत छाटणी, पेस्ट, काडी बांधणी, विरळणी, डिपिंग अशी कामांची रांगच लागते. दोघांनाही एकमेकांची गरज. मग यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. वाईट असतं ते या दोघांच्या मधल्या वहीत. उचलीच्या!

बचत गटाच्या कामानिमित्त मी मजुरांच्या झोपड्यांवर जाते. तिथे सुरगाण्याकडची एक बाई भेटली. वडील आजारी होते, तिला चार दिवस गावी जायचं होतं. मुकादम म्हणाला, ‘आधी सहा हजार फेड, मग जा.’ आम्ही हिशेब मांडून पाहिला. नवरा-बायकोने उचल घेतली होती पंधरा हजार. दोघांची मिळून रोजची मजुरी सातशे, भरलेले दिवस सव्वीस, म्हणजे अठरा हजार दोनशे. किराण्याचे अडीच हजार वजा केले तरी उचल फिटून वर सातशे रुपये तिचेच निघत होते. मग हे सहा हजार आले कुठून? मुकादमाचं कमिशन, गाडीभाडं, आणि पावसाने काम बंद राहिलं त्या दिवसांची खोटी! बागायतदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने पैसे मुकादमाकडे मोजले आणि तो मोकळा झाला.

याला वेठबिगारी म्हणायचं का? शब्द जड वाटतो, मान्य आहे. आपल्याला वाटतं, वेठबिगारी गोदावरी परुळेकरांच्या काळात संपली. 1945 साली डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा दिला. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि मग नवरा-बायकोने सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षं राबायचं, अशी ती रीत होती. पण 2022 च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या उभाड्याची बातमी आली. काही हजार रुपयांच्या किंवा एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात कातकऱ्यांची लेकरं मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती, आणि त्यातली एक लहान मुलगी दगावली होती. उभाडं काही आपल्यापासून फार लांब नाही.

नुसती उचल दिली म्हणजे गुन्हा होत नाही. अडीनडीला पैसे कुणालाही लागतात. प्रश्न एवढाच असतो, की त्या पैशापायी माणसाला काम सोडून जाता येतं की नाही? दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली तर जाता येतं की नाही? छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे औषध अंगावर गेलेलं चांगलं नाही, आणि त्या दिवशी दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. अशा कामाला हातमोजे मागितले आणि ‘उचल घेताना नाही विचारलंस’ असं उत्तर आलं, तर तिथे मजुरी संपून दुसरंच काही सुरू झालेलं असतं.

1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा याबाबत स्पष्ट आहे. असं बांधून ठेवणारं कर्ज फेडण्याची जबाबदारीच उरत नाही, बांधून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ते कर्ज देणाऱ्यानेच. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय तर त्याही पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं न्यायालयाने म्हटलं. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मुलांसाठी 1098 आहेच. पण सुरगाण्याची बाई तहसील कचेरीची पायरी चढेल कधी?

बागायतदारांची बाजूही मी ऐकलेली आहे. उचल घेऊन टोळी रातोरात पसार होते, छाटणीची तारीख टळली की अख्खं वर्ष हातचं जातं, वर औषधांची उधारी. हे खोटं नाही. पण मग उचलच एवढी मोठी कशाला द्यायची, की ती फिटायला दोन महिने लागावेत? आठ-पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी दिली तर बुडाली तरी झेपते.

आणि आता द्राक्षं घेणारेही विचारू लागलेत. ब्रिटनमध्ये 2015 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. तिथल्या मोठ्या कंपन्यांना आपल्या मालामागे कुणी गुलामासारखं राबलेलं नाही ना, यासाठी काय केलं हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. आपला चार एकरवाला त्या कायद्यात थेट येत नाही. पण त्याची पेटी तिथल्या दुकानात जाते, म्हणून प्रश्न फिरत फिरत त्याच्या ओट्यावर येतोच. गंमत अशी, की हजेरीचा कागद निर्यातीच्या फाइलसाठी नीटनेटका असतो आणि खरा हिशेब मुकादमाच्या खिशात!

मैत्रिणींनो, बागेचा हिशेब बऱ्याच घरांत आपणच लिहितो. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. मजुरी मुकादमाकडे न देता प्रत्येकाच्या, आणि बाईची बाईच्याच, हातात द्यायची. आठवड्याला हिशेब वाचून दाखवायचा, आणि त्याची एक वही तिच्याकडे ठेवायची. आधारकार्ड ‘जपून ठेवतो’ म्हणून कुणी काढून घेतलं असेल तर ते आजच परत द्यायला लावायचं. टोळीबरोबर आलेली पोरं बागेत दिसली तर त्यांना जवळच्या शाळेत बसवता येतं. गुरुजींना एकदा भेटावं लागतं, इतकंच.

आमच्या गटातल्या सहाजणींनी या हंगामात दोन वह्यांची पद्धत सुरू केली. एकीच्या घरी त्यावरून भांडण झालं, तिने सोडून दिलं. मुकादमही नाराज आहेत. दोघांनी आपल्या टोळ्या पिंपळगावकडे नेल्या. उरलेल्या पाच घरांची छाटणी मात्र वेळेत उरकली.