मॅग्नेट लावलं की मायलेज वाढतं? शहापूर-मुरबाडच्या चालकांनी आधी हे वाचा

कसारा, माळशेज घाट चढणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या टेम्पोचालकांना डिझेलचा खर्च जड जातो. म्हणूनच इंधनाच्या पाइपवर लावायच्या मॅग्नेटची जाहिरात मोहात पाडते.

दावा काय? मॅग्नेटमुळे इंधन पूर्ण जळतं.

वास्तव काय? चुंबकाने डिझेलचं ज्वलन सुधारत नाही. सुस्थितीतल्या इंजिनात जवळपास सगळं इंधन जळतंच. ऊर्जा वाया जाते ती मुख्यतः उष्णतेच्या रूपात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी 100हून अधिक उपकरणं तपासली. फायदा मोजक्यांचाच, तोही किरकोळ.

मग फरक का जाणवतो? पैसे मोजल्यावर पाय ॲक्सिलरेटरवर हलका पडू शकतो. खात्री हवी तर उपकरणासह आणि उपकरणाशिवाय, तोच रस्ता, तेवढाच माल ठेवून टाकी फुल-टू-फुल मोजा.

खरी बचत टायरमधल्या योग्य हवेत आणि वेळेवरच्या सर्व्हिसिंगमध्ये आहे.