आपल्या मुलांचे राक्षस सगळे इंग्रजीच का?

स्पष्टच लिहितो. रस्ते, टँकर आणि खाडीतल्या भरावावर लिहिणारा माणूस आज जादूगारांच्या कादंबऱ्यांवर का लिहितोय, असं काहींना वाटेल. वाटू द्या. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या घरातला आहे.

कोलशेतच्या आमच्या एका ग्रुपवर वाद पेटला होता. सगळ्यात भारी फँटसी मालिका कुणाची? कुणी टोल्किनचा झेंडा घेतला, कुणी रोलिंगबाईंचा, कुणी 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनचा. कॉलेजची पोरं अमीशसाठी भांडत होती. मराठी नाव एकही आलं नाही. मग दोन ज्येष्ठांनी निकाल दिला. एक म्हणाले, "मराठीत हा प्रकारच नाही." दुसरे म्हणाले, "आपल्याकडे रामायण-महाभारत असताना ही थेरं हवीत कशाला?" या दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या, आणि माझ्या मते दोन्ही वाक्यं चूक आहेत.

आधी त्या परदेशी मंडळींचा हिशेब करू. माझ्या मोजपट्टीत तीन प्रश्न आहेत. जादूची किंमत कुणाला मोजावी लागते? ते जग कुठल्या मातीवर उभं आहे? आणि लेखक गोष्ट नीट संपवतो का?

टोल्किन भाषेचा प्राध्यापक. आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारी माणसं आणली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली तीन भागांत आलं, पण त्यामागचा इतिहास तो कित्येक वर्षं घडवत होता. म्हणून त्याच्या डोंगराला वजन आहे. अंगठी जो बाळगतो, त्याला ती पोखरते. युद्ध जिंकूनही फ्रोडोला घरी सुख लागत नाही. किंमत चोख वसूल. पण बायका मोजक्या, सुरुवात रटाळ, आणि शत्रूचे सैनिक म्हणजे मारायलाच जन्मलेली फौज. त्यांच्या मनात काय चाललंय, हे बहुतेक वेळा कळतच नाही.

रोलिंगचं बळ शाळेत आहे. बाक, परीक्षा, खडूस मास्तर, जिवाचे मित्र हे कुठल्याही पोराला कळतं. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात पुस्तकं लिहून बाईंनी गोष्ट संपवली, याचं श्रेय द्यायलाच हवं. कमजोरी म्हणजे जादूचे नियम सोयीप्रमाणे बदलतात. तिसऱ्या पुस्तकात काळ मागे फिरवणारं यंत्र आणलं. ते हाताशी असेल तर पुढे कुणी मरायलाच नको! मग पाचव्यात मंत्रालयातला त्या यंत्रांचा साठाच फोडून टाकला. आमच्याकडे एखादी फाईल गहाळ होते ना, तसं.

मार्टिनला राजकारण कळतं. चूक केली की नायकाचंही मुंडकं उडतं. पण पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहावा अजून यायचाय. टीव्हीवाल्यांनी २०१९ मध्ये आपल्या परीने शेवट करून टाकला. उलट रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेला, तेव्हा त्याची 'व्हील ऑफ टाइम' अर्धवट होती. ब्रँडन सँडरसनने ती २०१३ पर्यंत पूर्ण केली. चौदा खंड. मधले काही खंड पाय ओढत चालतात, हे मान्य. पण वाचकाला दिलेला शब्द पाळला गेला.

माझं मत विचाराल तर ते उर्सुला ली ग्विनला. तिचं 'अर्थसी' १९६८ साली सुरू झालं. सगळी बेटं, होड्या, वारा. नायक सावळ्या कातडीचा. गर्वापायी केलेल्या एका मंत्रातून तो एक सावली मोकळी सोडतो आणि पुढे तीच त्याच्या मागे लागते. तिची कमजोरी म्हणजे पहिल्या तीन पुस्तकांत विद्या पुरुषांच्याच हाती आहे. बाईला ते खटकलं, आणि १९९० मध्ये चौथं पुस्तक लिहून तिने आपल्याच जगाला प्रश्न विचारले. असा लेखक मोठा.

अमीशचं काय? २०१० साली 'मेलुहा' आलं आणि जी पोरं पुस्तकाला हात लावत नव्हती, ती लोकलमध्ये उभ्याने वाचायला लागली. हे लहान काम नाही. देव आधी माणूस होता, ही कल्पना जबरदस्त, वेगही आहे. पण भाषा पातळ. पात्रं बोलता बोलता मध्येच भाषण ठोकतात, आणि प्राचीन काळातली माणसं कॉर्पोरेट मीटिंगमधून उठून आल्यासारखी वाटतात.

आता ते पहिलं वाक्य घ्या, "मराठीत हा प्रकारच नाही."

अहो, मराठी कादंबरी चालायला लागली तीच दोन पायांवर. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विधवांच्या दुःखाची. आणि चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला'. त्यामागून रिसबुडांची 'मंजुघोषा'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाचा पाय भक्कम केला, फार चांगलं झालं. पण दुसरा पाय आम्ही पंगतीबाहेर ठेवला. १९१३ साली नाथमाधवांची 'वीरधवल' आली. शिकारीत कड्यावरून पडून पाय गेलेल्या माणसाने ती लिहिली. राजपुत्र, कारस्थानं, गुप्त वाटा, चमत्कार. आजोबांच्या पिढीने कंदिलाखाली जागून वाचली. समीक्षकांनी तिला 'रंजक' म्हटलं आणि विषय संपवला.

मग नारायण धारप. त्यांचं भूत पडक्या वाड्यातून उठून थेट मध्यमवर्गीय घरात यायचं, आणि ते परतवायला समर्थ यायचे. वाक्य छोटं, भीती खरी. लायब्ररीत धारपांचं पुस्तक मिळवायला नंबर लावावा लागे, पण साहित्याच्या मांडवात त्यांना पाट कधी मिळाला? २०१८ मध्ये 'तुंबाड' आला आणि धारपांच्या कथेचं नाव निघाल्यावर लोकांना एकदम अभिमान वाटला. तोही सिनेमा हिंदी!

कमजोरी आपल्यांचीही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार घरचा म्हणून सोडतोय. 'वीरधवल'मध्ये चांगला तो पूर्ण पांढरा, वाईट तो पूर्ण काळा. धारपांच्या 'लुचाई' आणि 'शपथ' स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या. त्याआधी गो. ना. दातार रेनॉल्ड्सवर उभे राहिले. उसनवारी वाईट नसते, दुकान उधारीवर सुरू होतंच. पण शंभर वर्षांनीही माल बाहेरचाच? आणि एक गोष्ट या सगळ्यांत कमी पडली. खंडामागून खंड वाढत जाणारं, स्वतःचा नकाशा असलेलं मराठी जग उभं राहिलं नाही.

आता दुसरं वाक्य, "आपल्याकडे पुराणं आहेत." आहेतच की. आणि त्यातली जादू टोल्किनपेक्षा कडक नियमांची आहे. कर्णाला विद्या मिळते, पण ऐन वेळी ती आठवणार नाही, या अटीवर. वराला पळवाट, शापाला उःशाप. पण बारा वर्षांच्या पोराला अशी गोष्ट हवी असते, जिचा शेवट आजीलाही माहीत नाही. पुराण हे भांडवल आहे. ते कपाटात ठेवून "आम्ही श्रीमंत" म्हणत बसलात तर व्याज कुठून येणार?

आणि भांडवल फक्त पुराणांतच आहे असंही नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. विचार करा, राखणदार देव, पण त्याचीही झीज होते आणि ती भरून द्यायची जबाबदारी गावाची! याहून चांगला नियम कुठल्या इंग्रजी मालिकेत आहे? आपल्या खाडीकाठी जुन्या बायकांना विचारा, साती आसरा आणि गिऱ्हा यांच्या गोष्टी अजून सापडतील. या किनाऱ्यावर कोळी-आगरी वस्ती, पलीकडे काल्हेर, मागे येऊरचं जंगल, मध्ये केमिकल कंपन्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर. अर्थसीची बेटं यापुढे काय वेगळी? पण टॉवरमधल्या पोराला हॉगवर्ट्सचे जिने पाठ आहेत आणि समोरच्या खाडीचं नाव सांगता येत नाही.

हा नागरी प्रश्न आहे तो असा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, आपण पेढे वाटले. ठाण्यात २०१० ला साहित्य संमेलन झालं, डोंबिवलीत २०१७ ला. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४ चं. एवढा वारसा क्वचितच कुणाकडे असेल. पण भाषा टिकते ती "पुढच्या भागात काय?" या तगमगीवर. १८८८ ला देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आली, तेव्हा ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असं हिंदी साहित्याचा इतिहास सांगतो. मराठी शिकावीशी वाटेल असं आपण गेल्या तीस वर्षांत पोरांच्या हातात काय दिलं? बाराव्या वर्षी सुटलेला वाचक चाळिशीत 'सकस सामाजिक कादंबरी' वाचायला परत येत नाही. तो गेला तो गेला.

म्हणून मागणं साधं आहे. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क केव्हाच संपलेत. कुणीही ती नव्याने, मोठ्या टायपात, चित्रांसह छापू शकतो. प्रकाशकांनो, छापा. दिवाळी अंकवाल्यांनो, एक क्रमशः अद्भुत कादंबरी सुरू करा आणि पुढच्या वर्षी ती खरंच पुढे न्या. मुग्धा कर्णिकांनी टोल्किन मराठीत आणला, मंजुषा आमडेकरांनी हॅरी पॉटर. ती पुस्तकं आपल्या वाचनालयात आहेत का, हे या रविवारी जाऊन विचारा. नसतील तर मागणी लेखी द्या, तोंडी मागणीची फाईल होत नाही. आणि नगरसेवक अभ्यासिकेचं उद्घाटन करायला येतील तेव्हा त्यांना विचारा, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी गोष्टींचं एक कपाट बसतं का?

लिहिणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो, ड्रॅगन नको. तो त्यांच्याकडे भरपूर आहे. झिजलेल्या चपला घातलेला राखणदार घ्या, त्याला कोलशेतच्या खाडीवर आणा, आणि काहीही झालं तरी गोष्ट संपवा.

ज्यांना पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये भांडा, पण भांडताना एक मराठी पुस्तकाचं नाव लिहा.